खडकावरचा जिताडा

जिताडा दिसला की आमची ही थांबते, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजलं. तिचं माहेर अलिबागकडचं. माझं गाव खटाव तालुक्यातलं. तिथे मासा हा प्राणी मुख्यतः शाळेच्या पुस्तकात राहतो. त्यामुळे सासुरवाडीच्या बाजारात ही एखादीच्या पाटीपुढे उकिडवी बसून माशाचे कल्ले उघडायला लागली, की मी खिशात हात घालून बाजूला उभा राहायचो आणि हवामानाचा अंदाज घेतोय असं दाखवायचो. पस्तीस वर्षं हेच चालू आहे. गेल्या जुलैत फक्त बाजार बदलला. जिताडा होता ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, उबिर नावाच्या ठिकाणी, खडकाच्या भिंतीवर. वय काही शतकं. ही थांबली. कल्ले उघडता आले नाहीत, कारण मध्ये कठडा होता.

“ताजा वाटतोय,” ही म्हणाली.

मुलगा डार्विनला असतो. आमच्या सोसायटीत मुलं ऑस्ट्रेलियात असण्याचं आता कुणाला कौतुक उरलेलं नाही, पण डार्विन म्हटलं की माणसं दचकतात. सिडनी, मेलबर्न त्यांच्या हिशेबात असतं. “डार्विन म्हणजे तो माकडवाला?” असं तळमजल्यावरच्या देसाईंनी विचारलंही. मी हो म्हणालो. शहराला नाव खरोखर त्याचंच दिलेलं आहे.

तर मुलाने फोनवर सांगितलं, या वेळी आउटबॅकला जाऊ, काकाडूला, अबोरिजिनल लोकांची हजारो वर्षांची खडकचित्रं आहेत. आउटबॅक म्हणजे शहरं संपल्यावर जे उरतं ते. ऑस्ट्रेलियात ते फार उरतं. मी तयारीला लागलो. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस फाइल केल्याशिवाय देवळातसुद्धा जात नाही. परत आल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान द्यायचं हेही ठरवून टाकलं. विषय : ‘आदिम मनाचा हुंकार’. शीर्षक विमानातच सुचलं आणि इतकं आवडलं की आता चित्रांनी त्याला साजेसं वागावं एवढीच अपेक्षा उरली. डोळ्यांपुढे अंधारी गुहा होती, मशाल होती, गूढ चिन्हं होती. भीमबेटका मी पाहिलेलं आहे. आपल्या वाकणकरांनी १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून ते खडक पाहिले आणि उतरून शोधत गेले. त्याच मार्गावरून मी चार वेळा गेलोय. मला खिडकीतून दर वेळी इटारसी कधी येतंय एवढंच दिसलं.

डार्विन ते जाबिरू हे गाव २५० किलोमीटर. म्हणजे साधारण पुणे ते कोल्हापूर. पण पुणे-कोल्हापूरला निदान दोन चहा, एक मिसळ आणि कराडला कुणीतरी नातेवाईक असतो. इथे तीन तास रस्ता, झुडपं, आणि माणसापेक्षा उंच वारुळं. एवढी वारुळं पाहून ही नागपंचमीचा विचार करायला लागली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती म्हणून लाज राहिली. गाडीतून उतरलं की माशा. आपल्याकडची माशी अन्नावर बसते. इथली सरळ माणसावर येते, डोळ्यांच्या कडांत, नाकपुडीत, बोलायला तोंड उघडलं तर तोंडात. त्या मुलखात माणसं कमी का बोलतात ते मला अर्ध्या तासात कळलं. मुलाने डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या आणल्या होत्या. त्या घातल्यावर आम्ही दोघं मध काढायला निघाल्यासारखे दिसत होतो.

उद्यानाचं तिकीट माणशी चाळीस डॉलर. मनातल्या मनात पंचावन्नने गुणायचं नाही असं मुलाने विमानतळावरच बजावलं होतं. मी गुणलं नाही. हिने गुणलं. “बावीसशे? दगड बघायला?” पण काकाडूचा विस्तार जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर आहे. अख्खा पुणे जिल्हा आत ठेवून वर चार तालुक्यांना जागा उरेल. चौरस किलोमीटरला किती पैसे पडले याचा हिशोब करून सांगितल्यावर ती जरा निवळली. काकाडू हे नाव काकाकुव्यावरून आलंय असं नातू सांगत होता. तसं नाही, ते गागुजू या तिथल्या भाषेच्या नावावरून आलं आहे.

उबिरच्या अलीकडे ईस्ट अ‍ॅलिगेटर नावाची नदी लागते. तिच्यात एकही अ‍ॅलिगेटर नाही. १८२०च्या सुमारास फिलिप पार्कर किंग नावाचा दर्यावर्दी इथला किनारा मोजत आला, त्याने मगरी पाहिल्या, त्यांना अ‍ॅलिगेटर समजला आणि आसपासच्या नद्यांना तेच नाव देऊन निघून गेला. नाव मराठीत ठेवलं असतं तर ही चूक झालीच नसती. आपल्याकडे दोघीही मगरीच. या नदीवर काहिल्स क्रॉसिंग म्हणून पाण्यातून जाणारा फरसबंद रस्ता आहे. भरती आली की तो पाण्याखाली जातो, पाण्याबरोबर मासे येतात, आणि माशांसाठी मगरी रांग धरतात. ते बघायला माणसं सज्जात उभी राहतात. पाण्यापासून पाच मीटर लांब राहा असं सगळीकडे लिहिलेलं. एका पाटीवर मगरीचं चित्र, इंग्रजीत ‘वॉर्निंग’ आणि खाली जर्मनमध्ये ‘आख्टुंग’. जर्मन लोकांचीच एवढी काळजी का, असा प्रश्न मला पडला. हिने सांगितलं, “मराठी माणूस पाच मीटर काय, गाडीतूनच उतरत नाही. त्याच्यासाठी पाटी कशाला?” मी गाडीतच होतो.

आणि मग उबिर.

पहिला धक्का, गुहा नव्हती. अंधार नव्हता. वरून मोठा खडक पुढे आलेला, खाली स्वच्छ उजेड, वारा, बसायला सपाट जागा. आमच्या खटावच्या वाड्याची ओसरी तेवढीच होती. मशालीचा प्रश्नच नाही, उलट गॉगल लावावा लागला. भिंतभर चित्रं, एकावर एक. पांढरी, तांबडी, पिवळी. जिताडा, त्याच्यावर चढलेला दुसरा जिताडा, शिंगाळा, लांब मानेचं कासव, घोरपड, वॉलबी. मी वही काढली आणि वर लिहिलं : गूढ चिन्हं. त्याखाली काही सुचेना.

इथल्या जिताड्याला बॅरामुंडी म्हणतात. मासा तोच, शास्त्रीय नावही एकच. गंमत अशी की तो नुसता बाहेरून काढलेला नाही. आतला कणा, काटे, पोटातला हवेचा फुगा, सगळं बारीक रेघांनी दाखवलेलं. याला एक्स-रे शैली म्हणतात. मी ते फाइलमध्ये वाचलं होतं आणि ‘दृश्याच्या पलीकडे पाहणारी आदिम दृष्टी’ असं वाक्य तयारही ठेवलं होतं. तेवढ्यात ही बाजूला नातवाला समजावून सांगायला लागली. “हा बघ कणा. इथे गाबोळी असते. इथून तुकड्या पाडायच्या, आणि डोकं काय टाकायचं नाही, डोकं कालवणाला.” बोलता बोलता तिचा हात हवेत सपासप चालत होता.

तिथली रेंजर हे बघत होती. खाकी कपडे, मोठी हॅट, वयाने हिच्याच आसपासची, आणि बिनिंज, म्हणजे त्याच भूमीतली. मराठी तिला कळायचा संबंध नव्हता. पण हात कळला. ती हसली आणि तिने स्वतःचा हात हवेत तसाच, फक्त जरा तिरका चालवला. हिने मान हलवली : नाही, सरळ. तिने परत तिरका. पाच मिनिटं दोघी कठड्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून न दिसणारा मासा कापत होत्या. मागे दोन जर्मन पर्यटक याला धार्मिक विधी समजून आदराने टोप्या काढून उभे राहिले.

मग नावांची देवाणघेवाण झाली. ही म्हणाली जिताडा. ती म्हणाली नामार्नकोल. शिजवता कसा, तर खड्ड्यात निखारे आणि तापलेले दगड, वर पेपरबार्क नावाच्या झाडाच्या मऊ सालीत गुंडाळलेला मासा, वरून माती. हिचे डोळे चमकले. “पोपटी!” ती ओरडली. आता पोपटी खड्ड्यात नाही, मडक्यात होते, भांबुर्ड्याचा पाला लावून, वालाच्या शेंगा घालून, आणि तीही हिवाळ्यात. पण पाला, निखारे आणि वास, एवढं जुळलं की बाकीचं माहेरची माणसं चालवून घेतात. मुलगा दुभाष्याचं काम करता करता दमला. ‘भांबुर्डा’ला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

रेंजरने सांगितलं की आतलं काढतात ते मुख्यतः खाण्याच्या प्राण्यांचं. कुठला भाग चांगला, चरबी कुठे असते, वाटणी कशी करायची, हे पोरांना दाखवायचं तर भिंतीसारखी सोय नाही. माझ्या व्याख्यानाचा पहिला परिच्छेद तिथेच कोसळला. मी हुंकार ऐकायला आलो होतो आणि समोर होता मेनू.

पण काय मेनू! तो बदलत गेलेला आहे, आणि का बदलला तेही सांगता येतं. हिमयुगात समुद्र इथून खूप दूर होता, तेव्हा भिंतीवर मासे जवळजवळ नाहीत. पळणारी माणसं आहेत, कांगारू आहेत. मग बर्फ वितळलं, समुद्र वर चढत आला, साधारण आठ हजार वर्षांपूर्वी खारं पाणी नद्यांतून इथवर पोचलं आणि भिंतीवर जिताडा अवतरला. पुढे गाळ साचून गोड्या पाण्याची दलदल झाली, ती गेल्या दीड हजार वर्षांतली, तशी बदकं-हंस आले. समुद्र कुठे होता हे शास्त्रज्ञ गाळ खणून शोधतात. इथे ते स्वयंपाकघरात लिहून ठेवलेलं आहे. आमच्या घरी कुठल्या साली परिस्थिती कशी होती हे सांगायला हिला असाच पुरावा लागतो. “ज्या वर्षी पापलेट सोडून बांगडा सुरू झाला ना, तेव्हा तुमची बदली बीडला होती.”

वर, माणसाचा हात पोचणार नाही अशा कड्यावर, तांबड्या रंगात काही आकृत्या होत्या. तिथे कोण चढलं? रेंजर म्हणाली, ती मिमींनी काढली. मिमी म्हणजे खडकांच्या फटींत राहणारे काडीसारखे बारीक जीव. त्यांनी खडक खाली आणला, चित्र काढलं, आणि परत वर ठेवून दिला. जर्मनांनी एकमेकांकडे पाहिलं. मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं. ज्या राज्यात प्रत्येक दगडी देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं आणि कोंबडा आरवल्यामुळे कळस राहून गेलेला असतो, त्या राज्यातल्या माणसाने मिमींवर शंका घ्यायची नसते. भीमबेटकेचं नावसुद्धा भीमाच्या बैठकीवरूनच पडलंय.

तिथेच जवळ वरच्या बाजूला एक पट्टेवाला प्राणी आहे, थायलसिन, ज्याला टास्मानियन वाघ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो काही हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, म्हणजे काढणाऱ्याने त्याआधी तो पाहिलेला. अशा अमोल गोष्टीची अडचण ही असते की ती दिसत नाही. मुलाने बोट दाखवलं. “तो बघा, त्या भेगेच्या डावीकडे, शेपटी खाली.” आकाशदर्शनाला कुणी व्याध दाखवतं तेव्हा जे होतं तेच झालं. सुनेला दिसला. नातवाला दिसला. जर्मनांना दिसला. मी दोन मिनिटं डोळे बारीक करून “हां हां, वा!” म्हणालो. हिने सरळ सांगितलं, “मला नाही दिसत.” मग रेंजरने नीट खुणा सांगितल्या आणि हिला दिसला. मला विचारायची सोय उरली नव्हती, कारण मला तो आधीच दिसलेला होता. मी थायलसिन पाहिलेला नाही हे आज पहिल्यांदा जाहीर करतोय.

एवढ्यात नातवाने भिंतीवर बोट रोखलं. “आबा, हा कोण?”

माशांच्या गर्दीत एक माणूस उभा. तोंडात पाइप. दोन्ही हात खिशात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे या भागात म्हशी मारायला गोरे लोक येऊ लागले, त्यांतला कुणीतरी. त्याची हाडं-आतडी दाखवण्याच्या भानगडीत चित्रकार पडलेला नाही.

“तो काय करतोय?” नातवाने विचारलं.

“काही नाही,” रेंजर म्हणाली. “उभा आहे. दुसऱ्यांना काम सांगतोय.”

शेजारी शांतता पसरली म्हणून मी वळून पाहिलं. ही त्या चित्राकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी खिशातून हात काढले. काढल्यावर ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. कठड्याला हात लावायचा नाही असं वाटलं, मागे बांधले तर शाळा-तपासनीस दिसतो, कमरेवर ठेवले तर त्याच चित्राचा पुढचा भाग. शेवटी वही धरली.

आणि म्हशी! या भूमीत म्हैस नव्हती. इंग्रजांनी १८२०च्या दशकात आपल्या वसाहतींसाठी तिमोरकडून आणल्या, वसाहती बुडाल्या, म्हशी उरल्या आणि हजारोंनी वाढल्या. दलदली तुडवल्या, आणि अंग खाजलं की येऊन खडकाला घासायच्या. त्यात खालची चित्रं गेली. गाढवाला गुळाची चव, तशी म्हशीला चित्राची. १९८०च्या दशकात जनावरांच्या रोगाचं निर्मूलन म्हणून त्या मोठ्या प्रमाणावर मारल्या. हे ऐकून हिने हळहळ व्यक्त केली. चित्रांची की दुधाची, ते विचारलं नाही. आता चित्रांचा शत्रू पाणी. पावसाचे ओघळ चित्रावरून उतरू नयेत म्हणून वरच्या खडकावर सिलिकोनची बारीक कड ओढलेली असते. पाणी तिथे अडतं आणि बाजूने ठिबकतं. आपण पत्र्याला पन्हाळ लावतो त्याचंच हे नाजूक रूप. कुणाचं नाव मात्र कोरलेलं दिसलं नाही. अजिंठ्याला १८१९ साली पोचलेल्या जॉन स्मिथ साहेबाने पहिलं काम काय केलं, तर दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. पुढे आपल्या पोरांनी गडकिल्ल्यांवर ती परंपरा बाण-बदामासकट पुढे नेली.

मी शेवटी धीर करून मुद्द्यावर आलो. वही उघडली, घसा साफ केला आणि रेंजरला विचारलं की या सगळ्याचा खोल अर्थ काय. ती म्हणाली, मी सांगते ती गोष्ट आमच्यात लहान मुलांना सांगतात ती. पुढची गोष्ट ज्याला त्याला त्याच्या वेळेला मिळते, आणि काही गोष्टी बायकांच्या असतात, काही पुरुषांच्या. ती मी तुम्हाला सांगू शकत नाही. हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की राग यायला जागाच नव्हती. खातेदार नसलेल्या माणसाने काउंटरवर येऊन शिल्लक विचारली तर मीही छत्तीस वर्षं हेच सांगत आलो. फरक इतकाच की मी त्याला बसासुद्धा म्हणायचो नाही, ती म्हणाली. मग मला आणि पहिलीतल्या नातवाला शेजारी शेजारी दगडावर बसवून तिने माबुयूची गोष्ट सांगितली. माबुयूने पकडलेले मासे चोरांनी पळवले. तो रात्र होईपर्यंत थांबला, चोर ते मासे खाऊन गुहेत विसावले, तेव्हा त्याने गुहेच्या तोंडावर भला मोठा धोंडा लावला. सकाळी कुणी बाहेर आलं नाही. म्हणून चोरी करू नये. समोरच्या खडकावर माबुयू काढलेला आहे.

नातू गंभीर झाला. मीही झालो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तळून झाकून ठेवलेल्या तुकड्यांपैकी दोन कुणी खाल्ले याचा तपास आमच्याकडे अजून बंद झालेला नाही.

निघताना रेंजरचं लक्ष हिच्या कुर्त्याकडे गेलं. तांबड्या मातीच्या रंगावर पांढरी माणसं फेर धरून नाचतायत. वारली. तिने कौतुकाने जवळून पाहिलं आणि विचारलं, हे कुणी काढलं? मी पुढे झालो. डहाणू, पालघर, तांदळाचं पीठ, लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, जिव्या सोमा म्हसे, पद्मश्री, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “ते झालं. पण हे, हे अंगावरचं, कुणी काढलं? त्यांना विचारून छापलंय?” कुर्ता पुण्यात सेलमध्ये घेतलेला, एकावर एक फुकट. आमच्याकडे उत्तर नव्हतं. रेंजरच्या लोकांत कुठली गोष्ट कुणी काढायची याचे हक्क ठरलेले असतात. अबोरिजिनल चित्रकारांची चित्रं न विचारता गालिच्यांवर उतरवून विकणाऱ्यांना त्या चित्रकारांनी कोर्टात खेचलं होतं, आणि १९९४ साली निकाल चित्रकारांच्या बाजूने लागला. पवित्र गोष्टीवर लोक पाय देऊन चालणार होते, हेही दुखणं होतंच. ही गाडीपर्यंत ओढणी पुढे घेऊन चालली.

त्याआधी नादाबचा कडा चढलो. शेवटची अडीचशे मीटर चढण, पण ती अडीचशे मीटर आहेत हे फक्त कागदाला माहीत. गुडघ्याला वेगळा आकडा लागतो. वर पोचल्यावर चारी बाजूंना हिरवं सपाट मैदान, त्यातून वळत गेलेलं पाणी, आणि पलीकडे आर्नहेम लँड, जिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. ‘क्रोकोडाइल डंडी’ या १९८६च्या सिनेमात ही जागा आहे, असं सगळे एकमेकांना सांगत होते. सूर्य टेकला तसे शंभरेक लोक गप्प झाले. खरोखर गप्प, माशासुद्धा दमल्या होत्या. त्या शांततेत हिचा फोन वाजला. सोसायटीतल्या देसाईवहिनी. तिकडे अडीच वाजले होते आणि त्यांना गॅसवाला कधी येतो ते विचारायचं होतं.

खाली आल्यावर रेंजरने त्यांचे ऋतू सांगितले. गोऱ्यांचे इथे दोनच, ओला आणि कोरडा. बिनिंजांचे सहा. आम्ही आलो तो वुर्गेंग, थंडीचा. ही लगेच म्हणाली, आमचेही सहा! आणि मला सांगायला पुढे केलं. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद इथवर मी सुरळीत गेलो. पुढे हेमंत आधी की शिशिर यावर गाडी अडली. माझे सहा ऋतू चौथीच्या परीक्षेनंतर परत लागलेच नव्हते. तिचे रोजच्या कामाचे होते : अमुक फुललं की तमुक मासा चरबीला आला. चरबीच्या उल्लेखावर दोघी परत बोलायला लागल्या आणि अंधार पडला.

जाबिरूत रात्र काढली. मुक्कामाचं हॉटेल वरून मगरीच्या आकाराचं आहे. तिच्या तोंडातून आत शिरायचं. दिवसभर मगरीपासून पाच मीटर दूर राहिल्याचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी बुरुंगुई. जुन्या नकाशांवर त्याला नोअरलँजी म्हणतात. इथल्या आनबांगबांग दालनात नामार्गोन आहे, विजेचा पुरुष. डोक्याला, कोपरांना, गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी. त्या आपटल्या की गडगडाट. पावसाळ्याआधी दिसणारे केशरी-निळे नाकतोडे ही त्याची पोरं. गुडघ्यातून आवाज काढणारा देव बघून हिने पहिल्यांदा मनापासून हात जोडले. “याला कळेल माझं.”

मी मात्र वेगळ्याच ओढीने आलो होतो. इथून फार लांब नाही अशा एका खडकाच्या आसऱ्याला माणूस ६५ हजार वर्षांपूर्वी राहत होता, असं २०१७ साली संशोधकांनी मांडलं. त्यावर वादही आहेत. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर या २६०० पिढ्या झाल्या. आमच्या घराण्याच्या सात पिढ्या लिहिलेल्या आहेत आणि पाचवीवरून दोन भाऊबंद कोर्टात आहेत. म्हणून मी इथलं सगळ्यात ठसठशीत, सगळ्यात सुंदर चित्र निवडलं, भिंतीसमोर उभा राहिलो आणि मुलाला म्हणालो, काढ फोटो, ज्येष्ठ नागरिक संघात मोठा करून लावू. “बाबा,” मुलगा पाटी वाचत म्हणाला, “हे १९६४च्या सुमाराचं आहे.”

खरंच होतं. नायोंबोल्मी नावाच्या, शेकडो चित्रं काढलेल्या चित्रकाराने जुन्या पुसट चित्रांवर ते त्या सुमारास नव्याने काढलं. लोकांना तो बॅरामुंडी चार्ली म्हणून माहीत होता. माझा जन्म १९६४चा. म्हणजे मी माझ्याच वयाच्या चित्रासमोर आदिम भाव चेहऱ्यावर आणून उभा होतो. “तुमच्यापेक्षा बरं टिकलंय,” ही म्हणाली. जुन्यावर नवं कसं काढलं, ते खराब नाही का झालं, असं मी मुलाला विचारत होतो. त्याच्याआधी हिनेच उत्तर दिलं. “माझी आई रोज सकाळी कालची रांगोळी झाडायची. कुणी म्हटलं का कालची ठेवा म्हणून? काढायला महत्त्व.” आदल्या दिवशी रेंजरने जवळपास हेच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नव्हतं, कारण ते फाइलमध्ये बसत नव्हतं.

परतीच्या तीन तासांत नातू मागच्या सीटवर वहीत काहीतरी काढत होता. माझीच वही, ‘गूढ चिन्हं’ या शब्दांखाली भरपूर कोरी जागा होती. डार्विन जवळ आल्यावर त्याने दाखवलं. आजी होती, जाळी घातलेली, पोटात कणा, काटे, आणि एक आख्खा जिताडा, त्याच्याही पोटात कणा. शेजारी मी. हात खिशात.

“माझं आतलं काढायचं राहिलं का रे?” मी विचारलं.

“राहिलं नाही, आबा,” तो म्हणाला. “जे खातात त्याचंच काढतात.”

“बघू,” म्हणून हिने वही घेतली, नीट निरखून पाहिली आणि जिताड्यावर बोट ठेवलं. “गाबोळी राहिली रे बाळा. इथे.”